स्नो पडला की फोन थांबत नाहीत आणि रूट वेळेत संपत नाही: तपासायचं कुठून?

आधी लक्षणं. घरांपुढचा स्नो ट्रकनं हटवायचा धंदा करत असाल आणि यातली तीन-चार दर वादळाला दिसत असतील तर पुढचं तुमच्यासाठी आहे. एखादंच, एखाद्याच वेळी दिसलं असेल तर त्या दिवशीचं वादळच तसं होतं म्हणा आणि सोडून द्या.

- पहाटे पाचपासून फोन वाजायला लागतो, आणि प्लाऊ (स्नो ढकलायचं पातं लावलेला ट्रक) चालवणाऱ्यालाच तो उचलावा लागतो.
- रूटवरची पहिली घरं खूश, शेवटची कायम नाराज. दर वेळी तीच घरं.
- ५ सेंटिमीटर, म्हणजे दोन इंच, कसाबसा निभतो. १५ सेंटिमीटर आला की सगळं कोलमडतं.
- एकाच पत्त्यावर एकाच वादळात परत परत जावं लागतं आणि त्या फेऱ्यांचं बिल करता येत नाही.
- नोव्हेंबरात उत्साहानं घेतलेले ग्राहक फेब्रुवारीत डोक्याला ताप होतात.
- चांगला ड्रायव्हर सीझनच्या मध्यात सोडून जातो.

यावर बहुतेकांचं निदान ठरलेलं असतं: "ट्रक कमी पडतोय." कधी कधी ते खरंही असतं. पण ट्रक घेऊन हा बिघाड गेलेला मी फारच क्वचित पाहिलाय. ट्रक येतो, त्याच्या हप्त्यासाठी आणखी ग्राहक घेतले जातात आणि पुढच्या वादळात येरे माझ्या मागल्या. कारण मूळ दोष तसाच राहतो: ग्राहक आपण नगावर मोजतो आणि काम मात्र तासांवर होतं. त्यामुळे तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करायची आणि ट्रकपर्यंत सगळ्यात शेवटी पोचायचं.

हे कॅनडा आणि अमेरिकेच्या बर्फाळ भागात एक ते चार ट्रकवर धंदा करणाऱ्यांसाठी लिहितोय, घरांचे ड्राइव्हवे (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतची गाडीची वाट) आणि जोडीला काही छोटे पार्किंग लॉट असणाऱ्यांसाठी. मोठ्या मॉलचं किंवा हॉस्पिटलचं काम वेगळं. तिथे साइटवर माणूस आणि लोडर रात्रभर उभाच असतो.

फोन नेमके कशाचे आहेत ते बघा

एक पैसाही लागत नाही, एक संध्याकाळ लागते. मागच्या वादळातले सगळे कॉल आणि मेसेज काढा आणि तीन ढीग करा: "कधी येणार?", "आला होतात, पण अमुक राहिलं" आणि "आलातच नाही".

पहिलंच हे का करायचं, तर तिन्ही ढिगांचा इलाज वेगळा आहे. पहिला ढीग मोठा निघाला तर अडचण कामाची नाही, माहितीची आहे. त्या माणसाला सातला कामावर निघायचंय आणि खिडकीतून पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. तो फोन करणारच. यावर तीन मेसेज पुरतात. वादळाच्या आदल्या संध्याकाळी एक: "रात्री स्नो आहे, तुमचा भाग चार ते सातच्या दरम्यान, गाड्या शक्यतो गॅरेजमध्ये घ्या." रूट सुरू झाल्यावर दुसरा. काम झाल्यावर तिसरा, फोटोसह. पहिले दोन सगळ्यांना एकदम जातात, तिसरा ड्रायव्हर साइट सोडताना टाकतो.

"साडेपाचला येतो" असं मात्र कधीही लिहू नका. पाच पस्तीस झाले की फोन आलाच. कायम दोन-तीन तासांचा पट्टा सांगायचा.

आणि ड्रायव्हरच्या खिशातला फोन ग्राहकांसाठी बंद. घरातल्या कुणीतरी, भाच्यानं, वहिनीनं, कुणीही, पहाटे तीन तास फोन सांभाळला तरी चालेल. प्लाऊ उलटा घेताना फोनवर बोलणाऱ्या ड्रायव्हरनं मेलबॉक्स पाडला की त्या दिवसाची कमाई तिथेच संपते.

"आला होतात, पण राहिलं" हा ढीग मोठा असेल तर पुढची तपासणी. "आलातच नाही" मोठा असेल तर मधलं सगळं सोडून थेट तासांच्या हिशेबावर जा.

पत्त्यांची यादी आणि सूचना

यादी बऱ्याचदा मालकाच्या डोक्यात असते. मग बदली ड्रायव्हर आला की दर तिसऱ्या घरापाशी फोन. प्रत्येक पत्त्यापुढे चार ओळी हव्यात: स्नो कुठे ढकलायचा, कुठे अजिबात ढकलायचा नाही, पायवाट आणि पायऱ्या कामात आहेत की नाहीत, आणि साल्ट (बर्फ वितळवायचं मीठ) टाकायचं की नाही. पेव्हर ब्लॉक असतील, नवीन काँक्रीट असेल किंवा कुत्रा असेल तर तेही त्यातच.

मार्कर काठ्या, म्हणजे ड्राइव्हवेची कड दाखवणाऱ्या काठ्या, जमीन गोठायच्या आत ठोका. डिसेंबरच्या शेवटी ड्रिल घेऊन त्या लावत बसणं म्हणजे शिक्षा. काठ्या नसल्या की ड्रायव्हर कडेनं घाबरत घाबरत चालवतो, प्रत्येक घराला एक-दोन मिनिटं जास्त जातात, आणि वसंतात उखडलेल्या हिरवळीचे फोटो येतात.

स्नो रस्त्यावर ढकलण्याचा मोह अंधारात होतो. ऑन्टॅरिओत हायवे ट्रॅफिक ॲक्टच्या कलम १८१ नुसार परवानगीशिवाय रस्त्यावर बर्फ टाकता येत नाही, आणि इतरही बऱ्याच ठिकाणी तसाच नियम आहे. तक्रार बहुधा समोरचा शेजारी करतो, म्हणजे जो तुमचा ग्राहकच नाही असा माणूस.

कागदावर वचन काय दिलंय?

करार काढून वाचा. स्वतः, शांतपणे. चार गोष्टी शोधायच्या.

ट्रिगर म्हणजे किती साचल्यावर निघायचं. घरांसाठी ५ सेंटिमीटर सर्रास चालतं. ते कुठे मोजायचं हे लिहिलेलं नसेल तर ग्राहक वाऱ्यानं साचलेल्या कोपऱ्यात पट्टी लावतो आणि तुम्ही हवामान केंद्राचा आकडा दाखवता. भांडण तिथेच.

दुसरी गोष्ट मुदत. "सकाळी सातच्या आत" आणि "स्नो थांबल्यापासून आठ तासांत" ही दिसायला सारखी, पण कामाच्या दृष्टीनं दोन टोकांची वचनं आहेत. पहिल्यात घड्याळ आकाशाच्या हातात जातं: स्नो पहाटे पाचला थांबला तर तुमच्याकडे दोनच तास. मी कुठल्याही नव्या करारात नुसतं "सातच्या आत" लिहू देत नाही. "मध्यरात्रीपर्यंत थांबला तर सातच्या आत, त्यानंतर थांबला तर थांबल्यापासून अमुक तासांत" असं लिहा. ग्राहकाला हे पटतं. नोव्हेंबरात सांगितलं तर. जानेवारीत सांगितलं की ती सबब वाटते.

तिसरी गोष्ट विंड्रो. नगरपालिकेचा प्लाऊ रस्त्यावरून गेला की ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो दाबलेला, ढेकळांचा बांध राहतो, तो. बिल न लागणाऱ्या परत फेऱ्यांचं सगळ्यात मोठं कारण हाच असतो. तुम्ही पाचला साफ करून गेलात, शहराचा प्लाऊ आठला आला, ग्राहकाची गाडी आत अडकली. त्याच्या लेखी तुम्ही आलातच नाही. विंड्रोची एक फेरी पैशात धरलीय की नाही, आणि असेल तर कधी, हे स्पष्ट लिहा. धरली असेल तर ती फेरी दुपारची ठेवा, शहराचे प्लाऊ बहुतेक उरकल्यावर.

चौथी, अतिवादळाचं कलम. इथे "खूप जास्त स्नो झाल्यास" असले शब्द कामाचे नाहीत. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा ब्लिझार्ड (हिमवादळ) म्हणते ते ताशी ३५ मैल किंवा जास्त वारा आणि पाव मैलापेक्षा कमी दृश्यता, हे किमान ३ तास टिकल्यावर. कॅनडात सर्वसाधारण निकष ताशी ४० किलोमीटर वारा, ४०० मीटर किंवा कमी दृश्यता आणि किमान ४ तास असा आहे. सरकारी इशाऱ्याला जोडलेली अट लिहिली की त्या रात्री वाद होत नाही.

तासांचा हिशेब

सगळं इथे येऊन थांबतं, म्हणून याला वेळ द्या. एका ठरावीक रात्रीचा लॉग काढा: पहिल्या घराला कधी लागलो, शेवटचं कधी सोडलं, किती घरं. भागाकार केला की एका घराला प्रवासासकट किती मिनिटं लागतात ते कळतं. अंदाजानं सांगू नका, माणूस नेहमी कमीच सांगतो.

समजा ६ मिनिटं काम आणि ३ मिनिटं प्रवास, मिळून ९. रूटवर ३६ घरं. ३२४ मिनिटं, म्हणजे ५ तास २४ मिनिटं. आता स्नो ३ वाजता थांबला आणि वचन ७ चं आहे. हातात २४० मिनिटं, त्यात २६ घरं. उरलेल्या १० घरांचे फोन येणं हे ड्रायव्हरच्या आळशीपणामुळे नाही, गणितामुळे आहे. त्याला कितीही झापलं तरी २४० ची ३२४ होणार नाहीत.

शिवाय २६ हाही सगळं सुरळीत चालल्यावरचा आकडा. मध्ये उभी गाडी, तुटलेली शिअर पिन (जास्त ताण आला की यंत्राऐवजी तुटणारी खीळ), पेट्रोल पंपावरची रांग यासाठी पाव वेळ बाजूला ठेवा. १८० मिनिटं उरतात, म्हणजे २० घरं. त्या ट्रकची "सातच्या आत" वाली क्षमता २० आहे. बाकीची १६ घरं ठेवायची असतील तर त्यांची मुदत दहाची करा. निवृत्त माणसं, घरून काम करणारे, हिवाळ्यात गावाला जाणारे यांना सात वाजता ड्राइव्हवे मोकळा नकोच असतो. कुणी त्यांना विचारलेलंच नसतं. विचारा. थोडी सूट देऊ केलीत तर बरेच जण स्वतःहून दुसऱ्या फेरीत जातात. माझ्या मते या अख्ख्या यादीत एवढा स्वस्त आणि एवढा परिणाम करणारा दुसरा उपाय नाही.

हा झाला ५ सेंटिमीटरचा हिशेब. १५-२० ला तो का मोडतो? वजनामुळे. साधारण १० सेंटिमीटर स्नोचं १ सेंटिमीटर पाणी होतं. ओला, जड स्नो असेल तर त्याहून जास्त, कोरडा भुसभुशीत असेल तर बराच कमी. चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ किलो. २० सेंटिमीटर पडला तर चौरस मीटरला २० किलो. ६ बाय १२ मीटरचा दोन गाड्यांचा ड्राइव्हवे घ्या: ७२ चौरस मीटर, १,४४० किलो. जवळजवळ दीड टन, एका घराचा. तो एका दमात ढकलला जात नाही, पट्ट्या पाडाव्या लागतात, आणि फेब्रुवारीपर्यंत कडेचे ढीग इतके उंच होतात की टाकायला जागा राहत नाही. तेव्हाची ६ मिनिटं १२ होतात.

म्हणून मोठ्या वादळाला रूट दोनदा मारायचा: एकदा मध्यावर, एकदा थांबल्यावर. दोन्ही वेळा स्नो हलका असतो. थांबायची वाट पाहत घरी झोपून राहणं हे सगळ्यात महाग पडतं. मात्र दुसऱ्या फेरीचे तासही हिशेबात धरा आणि ड्रायव्हरच्या झोपेचेही.

नकाशा

सगळे पत्ते नकाशावर टाका आणि लांबून बघा. एक दाट गठ्ठा दिसेल आणि चार-पाच टिंबं कुठेतरी भरकटलेली. ती टिंबं बहुधा ओळखीतली असतात: मित्राचा मित्र, उन्हाळ्यात ज्यांचं लॉन करतो ते, भिडेपोटी घेतलेले. स्वच्छ रस्त्यावरची १० मिनिटं स्नोमध्ये २५ होतात. त्या एका घराच्या वेळेत गठ्ठ्यातली तीन घरं होतात.

उपाय दोन. पुढच्या सीझनला त्यांना खऱ्या वेळेचा भाव सांगा. बहुतेक जण स्वतःच निघून जातात, आणि देणारा राहिला तर तोही परवडतो. किंवा त्या भागात काम करणाऱ्याशी अदलाबदल करा. स्पर्धकाशी बोलायचं म्हटलं की लोक बिचकतात, पण त्याचीही चार टिंबं तुमच्या गल्लीत भरकटलेली असतात. ग्राहकाला आधी विचारा आणि करार दुसऱ्याकडे देता येतो का ते बघा.

साल्ट आणि थंडी

लॉटवाल्यांच्या "साल्ट टाकलं पण काही झालंच नाही" या फोनांसाठी. साधं रॉक साल्ट पृष्ठभागाचं तापमान उणे ९-१० सेल्सिअसच्या खाली गेलं की व्यवहारात निकामी होतं. त्याच्या अलीकडेही फरक प्रचंड आहे: उणे १ ला एक किलो साल्ट साधारण ४६ किलो बर्फ वितळवतं, उणे ७ ला जेमतेम साडेआठ. म्हणजे त्याच लॉटवर, त्याच हातानं टाकलेलं साल्ट एका दिवशी चमत्कार करतं आणि दुसऱ्या दिवशी खडीसारखं पडून राहतं. इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, हवेचं नाही तर डांबराचं तापमान बघा. फार थंडीत कॅल्शियम क्लोराइड, नाहीतर पकडीसाठी वाळू. आणि आधी नीट खरवडा. दोन इंच स्नोवर ओतलेलं साल्ट म्हणजे पैसे पाण्यात, तेही गोठलेल्या.

पैशाची रचना

"पर पुश" ग्राहक प्रत्येक फेरीचे पैसे देतो. त्यातला "आधी फोन करा, मग ठरवू" म्हणणारा प्रकार कामापेक्षा फोनच जास्त खातो. तो बंद करा: ट्रिगर लागला की येणार, नको असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवा. "सीझनल" ग्राहक ठोक रक्कम देतो, तिथे विचारायचं काम नाही. पण जोरदार हिवाळ्यात पैसे तेवढेच आणि फेऱ्या दुप्पट. म्हणून सीझनलला सेंटिमीटरची किंवा फेऱ्यांची कमाल मर्यादा हवी, त्यापुढे जादा दर. दोन्हींचं मिश्रण ठेवा.

राखीव यंत्र, राखीव माणूस आणि मग ट्रक

ट्रकआधी स्नोब्लोअर (स्नो ओढून बाजूला फेकणारं यंत्र) आणि सबकॉन्ट्रॅक्टर. पायऱ्या आणि पायवाटांना दुसरा माणूस दिला की ड्रायव्हरला प्रत्येक घरी खाली उतरावं लागत नाही. वेळ नेमका तिथेच वाचतो. सबकॉन्ट्रॅक्टरला ऑक्टोबरात धरा, वादळाच्या रात्री फोन करून कुणी मिळत नाही. हायड्रॉलिक होज, शिअर पिन, सोलेनॉइड (प्लाऊचा विजेचा स्विच) आणि कटिंग एजचे (पात्याच्या खालच्या धारेचे) बोल्ट ट्रकमध्येच असू द्या.

वरचं सगळं झालं, मुदती वेगळ्या केल्या, टिंबं गेली, आणि तरी आकडेमोडीत घरं उरतात? मग ट्रक खरंच कमी आहे. किंवा ग्राहक जास्त आहेत. नकार द्यायचा तर सीझन सुरू होण्याआधी. मध्यात सोडलेला ग्राहक दुसरा कुणी घेत नाही आणि ते गल्लीभर होतं.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

कुणी घसरून पडल्याचं कळलं तर माफीचे किंवा खुलाशाचे मेसेज पाठवत बसू नका. त्या माणसाची विचारपूस करा, त्या रात्रीचे फोटो, लॉग आणि साल्टच्या नोंदी जशाच्या तशा जपा आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा. ऑन्टॅरिओत २०२१ च्या जानेवारीपासून खासगी जागेवरच्या बर्फामुळे झालेल्या दुखापतीची लेखी नोटीस साधारणपणे ६० दिवसांत द्यावी लागते, आणि ती कंत्राटदारालाही येऊ शकते. नोटीस हातात आली की उत्तर वकिलानं द्यायचं, तुम्ही नाही.

लॉटच्या मालकानं "सगळी जबाबदारी कंत्राटदाराची" असं कलम पुढे केलं तर सहीआधी वकिलाला दाखवा. इलिनॉयनं २०१६ मध्ये आणि कोलोरॅडोनं २०१८ मध्ये अशा कलमांना कायद्यानं लगाम घातला. सगळीकडे तसं नाही.

विम्याचं ब्रोकरकडून लेखी घ्या. खासगी गाडीच्या पॉलिसीत पैसे घेऊन केलेलं प्लाऊचं काम सहसा बसत नाही, आणि कमर्शियल लायबिलिटी पॉलिसीतही (धंद्यात दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) बर्फकाम वगळलेलं असू शकतं. लॉनकामासाठी काढलेल्या पॉलिसीवर हिवाळा ढकलणारे बरेच आहेत.

प्लाऊच्या होजमधून बारीक फवारा दिसला तर हातानं चाचपू नका, हातमोज्यानंही नाही. दाबाखालचं तेल कातडीत घुसतं, जखम टाचणीएवढी दिसते आणि ऑपरेशनची वेळ येते. असं झालंच तर दुखत नसलं तरी थेट इमर्जन्सी. यंत्र मेकॅनिककडे. स्नोब्लोअरची च्यूट (स्नो बाहेर फेकणारी नळी) तुंबली तर इंजिन बंद, चावी काढून, थोडं थांबून, काठीनंच मोकळी करायची. हात कधीच घालायचा नाही.

छपरावरचा स्नो काढायची विनंती येते, विशेषतः मोठ्या वादळानंतर. पडण्यापासून बचावाची साधनं, प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा विमा नसेल तर नाही म्हणा आणि छताचं काम करणाऱ्याचा नंबर द्या.

आणि ड्रायव्हर चाकामागे पेंगतोय असं त्याच्या बोलण्यावरून जरी वाटलं तरी त्याचा रूट तिथेच थांबवा. उरलेल्या घरांना मेसेज टाका: "उशीर होतोय, अकरापर्यंत येतो."